कुमुदिनीचे तेवीस पंच

आमच्या रुक्मिणीकाकीला अडाणी म्हणणाऱ्या माणसाचा मला अजून संताप येतो. तो मालवणात सरकारी खुर्चीवर बसून पगार घेत होता.

सन अठ्ठावन्नची गोष्ट. वाडीखालच्या उथळ तळीत पांढरी कुमुदिनी फुलायची. तळीचाच पाझर काकीच्या विहिरीला. साहेब दुपारच्या एसटीने आले, बांधावरूनच पाहिलं आणि पाण्यावरची ती हिरवी पानं म्हणजे जलपर्णी, असं ठरवून मोकळे झाले. आठ दिवसांत विषारी औषध फवारा, असा हुकूम तिथल्या तिथे सोडला. पायाला पाणी लागू न देता केलेली पाहणी ती!

काकी चाळीस वर्षं त्या तळीत म्हैस धूत आलेली. ती म्हणाली, "साहेबांनू, ह्येचां मूळ चिखलात आसा, उपटून बघा. तुमची ती नुसती तरंगता, तिचां फूल जांभळां. ह्येचां पांढरां, मधी हळदीसारख्यां, कडेक केसांची झालर."

"कुठे आहे फूल?"

कुठून असणार? ते सकाळी उमलतं आणि दुपार धरेपर्यंत मिटतं.

दुसऱ्या दिवशी काकी फुलं खुडून, पदरात घेऊन चार मैल चालत गेली. कचेरी अकराला उघडली, साहेब बाराला उगवले. तोवर पदरात ओला चोथा उरला होता. साहेब हसले, त्यांचं बघून शिपाईही हसला. "अडाणी बाई" हे शब्द तेव्हाचे.

तिसऱ्या दिवशी तिने चिखलपाण्याच्या बादलीत मुळासकट वेल घेतली आणि सकाळी आठला साहेबांच्या बिऱ्हाडाच्या पायरीवर नेऊन ठेवली. मी शाळामास्तर, तिचा पुतण्या. सोबत गेलो होतो. पाच फुलं टवटवीत उघडलेली. साहेब तोंडात ब्रश धरून बाहेर आले, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "बाई, सरकारी काम घरी होत नाही. अकराला कचेरीत आणा."

त्याच बादलीत त्यांना बुचकळावं असं मला वाटलं, आणि मी तसं बोललोही.

"गप रे शंकरा," काकी म्हणाली. "कागद काढ. ह्येंका पंचनामोच कळता."

ती तिथेच रस्त्याकडेला बसली. बाजाराला निघालेल्या प्रत्येकाला अडवू लागली. "बघ गो सुशीला, फूल उघडां आसा मां? मग उठव आंगठो." मी नावापुढे वेळ लिहीत होतो. मासेवाल्या, न्हावी, पोस्टमन, अकरापर्यंत तेवीस झाले.

कचेरीत साहेबांनी मलूल फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कागद मात्र दोनदा वाचला, आंगठे-सह्या मोजल्या आणि हुकूम रद्द केला.

काकी जिंकली म्हणून वाडीने नारळ फोडला. मी गेलो नाही. क्षणभर बादलीत डोकावलेल्यांचा शब्द चालला, चाळीस वर्षं ते फूल ओळखणाऱ्या बाईचा चालला नाही. कचेरीत त्याच कागदावर उठवायला तिने स्वतःचा आंगठा पुढे केला, तेव्हा साहेबांनी शाईची डबी मागे ओढली होती. अर्जदार पंच होऊ शकत नाही, म्हणाले.