सहा एमएमची प्लेट आणि बावीस किलोची भुरी

दिवाळीनंतर भुरीचे मागचे पाय गेले. भुरी म्हणजे आमची अकरा वर्षांची गावठी कुत्री, वजन बावीस किलो, स्वभाव माझ्यासारखा, म्हणजे कुणी सांगितलेलं ऐकायचं नाही. इथे छत्तीसगडात, आमच्या भिलाईजवळच्या दुर्गचे जनावरांचे डॉक्टर मूळचे आमच्याच अकोल्याकडचे. त्यांनी औषधं, मालिश, सगळं करून पाहिलं आणि मार्चमध्ये एक दिवस स्पष्टच बोलले, "एकदा पाण्यात सोडून पहा. मागचे पाय हलले तर आशा आहे. नाही हलले, तर तुम्ही विचार करा." विचार कशाचा हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऑटोत बसल्या बसल्या ठरवून टाकलं की भुरीला तांदुळ्याला न्यायचं.

तांदुळाच कावून, भिलाईत तलाव नाहीत का, असं वैशाली नगरातल्या आमच्या निम्म्या गल्लीनं विचारलं. आहेत ना! पण त्यांना घाटाच्या पायऱ्या आहेत आणि भुरीला पायऱ्या जमत नाहीत. बालोदजवळच्या तांदुळा धरणाचा काठ हळूहळू उतरत जातो. पाय धड होते तेव्हा भाच्याच्या उघड्या जीपमधून आम्ही तिथे जायचो आणि ही बाई आमच्याआधी पाण्यात असायची. आता ती जीप विकली गेली. बंद गाडीत भुरी ओकते. उरली आमची जुनी गिअरची स्कूटर. मी म्हटलं, साइडकार लावू.

इथे माझ्या नवऱ्याची, प्रमोदरावांची ओळख करून द्यायला हवी. चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये. अशा माणसाला पातळ पत्रा दिसतच नाही. पॉवर हाऊस भागातल्या कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, सहा एमएमची प्लेट आणली, कोपऱ्याकोपऱ्यात आधारपट्ट्या वेल्ड केल्या आणि साइडकारची पेटी तयार झाली. शेजाऱ्यांनी ती हलवून पाहिली, हलली नाही. "क्रेननं उचलली तरी वाकाची नाही," हे म्हणाले. क्रेननं कोण उचलणार होतं, देवालाच ठाऊक. मी सिविक सेंटरवरून जाड कापडी पट्टा आणला, भुरीच्या पोटाखाली धरायला. साइडकार लावणार असाल तर आरटीओत नोंद आधीच करून घ्या. आम्हाला तीन फेऱ्या पडल्या.

पहाटे साडेपाचला निघालो. मी चालवायला, हे मागे, भुरी पेटीत. एका बाजूचं अंतर साधारण सत्तर किलोमीटर, दोन्हीकडचं मिळून सहाशेचं पेट्रोल धरा. दुर्ग ओलांडलं की रस्ता चांगला आहे, पण स्कूटर सारखी डावीकडे ओढत होती आणि तीसच्या वर जायचं नाव नाही. रस्त्याकडेला बाया मोहफुलं वेचत होत्या, त्या आमच्यापेक्षा वेगानं पुढे सरकत होत्या असं मला वाटलं. गुंडरदेहीला टमाटरच्या चटणीसोबत गरम चीला खाल्ला. तांदळाचं हे धिरडं तिथे चुकवू नका.

तिथून दहाएक किलोमीटरवर जळका वास आला आणि क्लचनं मान टाकली. नशिबानं समोरच मेकॅनिकचं दुकान होतं. भुरी पेटीत जीभ बाहेर काढून धापा टाकत होती, पुढच्या पायांवर उठू पाहत होती. मी प्लेटला हात लावला तर चटकाच बसला! उन्हात ती चांगलीच तापली होती. प्रमोदराव मात्र वाकून जोड तपासत होते.

"वेल्डिंगले काही झालं नाही," ते म्हणाले.

माझं टाळकंच सरकलं. "वेल्डिंगले काही नाही झालं, पण भुरी भाजून राहिली ना!"

शेजारच्या झाडाखाली एक बाई लग्नसराईसाठी बांबूच्या टोपल्या विणत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "कुकुर ला तावा मं काबर बइठारे हस, दीदी?" म्हणजे कुत्र्याला तव्यावर कावून बसवलं. मेकॅनिकनंही सांगितलं की क्लच प्लेट बदलून देतो, पण ही पेटी घेऊन बालोद गाठणार नाही.

प्रमोदरावांनी तीन आठवडे खपून केलेली पेटी होती, मला वाईट वाटलं. मग त्यांनी स्वतःच पाना मागितला आणि बोल्ट सोडवायला बसले. बाईकडून मोठा टुकना घेतला, म्हणजे धान ठेवायची टोपली, अडीचशेला. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून तो साइडकारच्या सांगाड्याला बांधला, आत पोतं आणि भाताचा पेंढा अंथरला. पेटी मेकॅनिकनं ठेवून घेतली, त्यात आता त्याची हत्यारं असतात. भुरीनं टोपलीच्या काठावर हनुवटी टेकवली आणि बालोदपर्यंत वारा खात आली.

बालोदला तीन लॉजवाल्यांनी कुत्रं पाहून हात जोडले. चौथ्यानं मागच्या व्हरांड्याची खोली सातशेला दिली. सोबत कुत्रा असेल तर आधी फोन करून विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तांदुळा. पाणी थंड, काठावर कुणी नाही. प्रमोदराव कमरेइतक्या पाण्यात उतरले, मी पट्टा धरून भुरीला आत घेतलं. पुढचे पाय लगेच सुरू झाले. मागचे नुसते लोंबत होते. आम्ही तिला वळवून वळवून तीनदा पोहवलं, पोटाखाली हात धरला, पट्टा सैल सोडून पाहिला.

"हल्ले वाटते," प्रमोदराव म्हणाले.

"खोटं नका बोलू."

ते तोंड फिरवून उभे राहिले. मी रडले, चांगली हमसून रडले. दिवाळीपासून धरून ठेवलेलं सगळं तिथे निघालं. आणि भुरी? तिला काठाकडे यायचंच नव्हतं. पट्टा ओढत ती खोल पाण्याकडे निघाली होती, आम्हा दोघांना मिळून तिला मागे आणावं लागलं.

परतीचा रस्ता अडीच तासांत झाला, स्कूटर हलकी होती. कुणी मला विचारलं की ही सहल सफल झाली का, तर मला सांगता येणार नाही. अंगाला दोन दिवस पेंढ्याचा वास येत होता, खांदे आठवडाभर दुखले.

सोमवारी डॉक्टरांकडे गेले. पाय हलले का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही हलले. त्यांनी मान हलवली आणि शेवटच्या इंजेक्शनसाठी कोणता दिवस सोयीचा पडेल ते विचारलं.

"दिवस मी नाही देत, डॉक्टर," मी म्हटलं. "रोज सकाळी सहाला ती घसटत अंगण ओलांडते, स्कूटरपाशी जाते आणि मी उचलून टोपलीत ठेवेपर्यंत भुंकते. ज्या सकाळी जाणार नाही, त्या सकाळी मीच तिला घेऊन येईन तुमच्याकडे."