धुक्याची माफी मागणारे काका

लग्नाच्या मांडवात माणसं दोनच प्रकारची असतात, पोरावाले आणि पोरीवाले. आणि आमचे नांदगावचे काका जन्मालाच पोरीवाले म्हणून आले. लग्न कोणाचंही असो, किंवा नसोच. कुठं चार माणसं जमली की त्यांना पाणी मिळालं का, बसायला जागा आहे का, कोणी रुसून तर नाही बसलं, ही सगळी जबाबदारी आपलीच, असा त्यांचा ठाम समज. एकदा सख्ख्या पुतण्याच्या वरातीसोबत ते अकोल्याला गेले. नवरदेवाचे काका म्हणून त्यांना फेटा बांधला, आणि थोड्याच वेळात फेटा काढून ठेवून ते वधूकडच्यांच्या पंगतीत भात वाढताना सापडले. नवरदेवाची आई, म्हणजे त्यांच्या वहिनी, चिडल्या, तर म्हणाले, "पोरीचा बाप एकटाच धावून रायला होता, मले पाहवलं नाही."

नात्यानं ते माझे कोणी नव्हेत. ते नांदगाव खंडेश्वरचे, मी अकोल्याच्या जुन्या शहरातला, नववीतून शाळा सुटलेला. मस्कतला एसीच्या कंपनीत मी डक्ट, म्हणजे गार हवेचे पत्र्याचे बोगदे, बसवायचो आणि ते स्टोअरचे मोठे साहेब. पहिल्या दिवशी मी बॅग घेऊन कंपनीच्या माणसांच्या राहायच्या कॅम्पाच्या फाटकाशी उभा होतो. "कुठचा बे तू?" त्यांनी विचारलं. "अकोल्याचा," म्हटलं. "मंग परक्यासारखा काहून उभा आहे? चाल घरात," म्हणाले आणि आपल्याच खोलीत माझी खाट लावली. कॅम्पात पाण्याचा टँकर उशिरा आला तर काका बादल्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांची माफी मागत फिरायचे. दवाखान्यात स्वतः तापानं फणफणले असताना रांगेतल्या म्हाताऱ्यांना बाकावर जागा करून द्यायचे. शेवटी डॉक्टरनं विचारलं, पेशंट कोण आहे?

तर त्या सकाळची गोष्ट. कंपनी मला फोरमन करायला तयार होती, पण त्याआधी दुबईला हातच्या कामाची परीक्षा द्यावी लागणार होती. गैरहजर म्हणजे नापास, आणि नापास झालो की करार संपल्यावर थेट अकोला. घरी बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण माझ्याच पगारावर चाललेलं. विमानात मागची, स्वस्तातली तिकिटं संपली होती. काकांना त्याच दिवशी दुबईला मीटिंग होती आणि त्यांना कंपनी बिझनेस क्लासनं पाठवायची. त्यांनी ऑफिसात भांडून माझंही तसलंच तिकीट काढायला लावलं. "पोट्टं परीक्षेले चाललं, लटकत जाईन का?" तासाभराचा प्रवास, त्यासाठी एवढं मऊ तिकीट! मला तर ते हातात धरायचीही भीती वाटत होती.

पहाटे विमानतळावर पोचलो तर दुबईत दाट धुकं, विमान पुढे ढकललेलं. बिझनेस क्लासवाल्यांच्या लाउंजात सगळे मोठे लोक कपाळाला आठ्या घालून बसलेले. मी खुर्चीच्या कडेला टेकलो. काका मात्र उजळले. वरात लेट झाली होती आणि पावणे ताटकळले होते! त्यांनी चहाचा ट्रे नेणाऱ्या फिलिपिनो मुलीच्या हातून ट्रेच घेतला. ती घाबरून "सर, प्लीज सिट" म्हणत मागे, आणि काका पुढे, "बेटी, तुम बैठो, सुबह से खडी हो." एका अरब आजोबांना त्यांनी खजुराचा आग्रह केला, "और लीजिए, शरमाइए मत." एक गोरे साहेब कोणावर तरी ओरडायला माणूस शोधत होते. काका त्यांच्यापुढे हात जोडून "सॉरी, व्हेरी सॉरी" म्हणाले. साहेबांना वाटलं हाच विमान कंपनीचा अधिकारी. त्यांनी मनसोक्त तक्रार केली. काकांनी मान डोलावत ती सगळी ऐकून घेतली आणि खिशातून संत्रा बर्फी काढून त्यांच्या हातावर ठेवली. साहेब बर्फी खाऊन चक्क गप्प बसले.

मग काका माझ्याकडे वळले. "काहून रे, तोंड पाडून बसला?"

"काका, माझा नंबर सकाळचाच आहे. गेली परीक्षा."

"वरात उशिरा आली म्हणून लगन मोडते का? नंबर दे त्या साहेबाचा."

परीक्षा घेणाऱ्या साहेबांना त्यांनी फोन लावला. मी बाजूलाच उभा. काका म्हणाले, "भाईसाब, लडका निकल चुका है, कोहरे में अटका है. गलती हमारी है, माफी चाहते हैं."

तिकडून आवाज आला, "कोहरा भी आपकी गलती है?"

"आज के दिन हमारीच समझो."

पलीकडचा माणूस खळखळून हसला. म्हणाला, भेजो, आखिर में ले लूंगा.

विमान निघालं तेव्हा ऊन वर आलं होतं. नाश्ता आला तो मला गिळवेना. काकांनी समोर बसवलेल्या लेकरासारखं खायला लावलं, "उपाशी हात थरथरतात बे." त्यांच्याच जोरावर परीक्षेत, अगदी शेवटच्या नंबरला, माझे हात स्थिर राहिले. पत्र्याचा जोड नीट बसला, मी पास झालो. बाहेर आलो तर काका तिथंच, वॉचमनला त्याच्या गावची खुशाली विचारत. त्यांची मीटिंग? "होते ना नंतर," म्हणाले. ती बुडवल्याबद्दल त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, ते मला दुसऱ्याकडून फार उशिरा कळलं.

पास झाल्यामुळे कंपनीनं मला दुबईलाच ठेवून घेतलं. बहीण आता अमरावतीला नर्स आहे. काकांसोबतची मस्कतची खोली सुटली ती सुटलीच. पुढे काकाही रिटायर होऊन नांदगावला गेले. आता फोनवर बोलणं होतं, पण लाइनीत खरखर असते आणि त्यांना कमी ऐकू येतं. त्या सकाळी मी काचेतून बाहेर पाहत, धुकं लवकर हटू दे म्हणून जीव टाकत होतो. आज वाटतं, ते धुकं आणखी थोडा वेळ राहिलं असतं तरी काय बिघडलं असतं.