तेलकाकांचा डिस्क ब्रेक

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या सकाळी तेलकाकांनी पुलाच्या उतारावरून सायकल सोडली आणि नवा डिस्क ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. पायथ्याशी उभ्या असलेल्या काकींना ओलांडून ती केळ्यांच्या हातगाडीवर आदळली.

तेलकाका डिलाईल रोडच्या चाळीत आमचे शेजारी. तरुणपणी ते गिरणीत तेलवाले होते. यंत्रांना तेल घालणे हे काम. गिरणी बंद पडली, तेल घालणे बंद पडले नाही. आमच्या मजल्यावर एकाही बिजागरीला गंजण्याचे स्वातंत्र्य नव्हते. कुणाचे दार कुरकुरले की न बोलावता कुपी घेऊन हजर. "दरवाजो रडता," म्हणायचे. दार गप्प व्हायचे आणि लादी आठवडाभर चिकट राहायची.

त्यांची सायकल जुनी आणि थांबण्याबाबत उदासीन होती. तिच्यावरून ते रोज नायगावला गिरणीतल्या जोडीदारांकडे जात. एकदा ती उभ्या बसला मागून भिडली, तेव्हा काकींनी अट घातली. "पुलाच्या उतारावर माझ्यासमोर थांबवून दाखवा. नाही थांबली तर भंगारात. मग नायगावही बंद."

दादरच्या सायकलवाल्याने फ्रेम पाहिली. "काका, हिला डिस्क ब्रेकची जागाच नाही. नवीन सायकल घ्या."

"चष्मा लागला म्हणून डोकं बदलतोस काय रे?"

मग खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्या वेल्डरने पुढच्या चाकाच्या चिमट्याला पट्टी जोडली, चाक डिस्कचे आले, ब्रेक बसला. तो उत्तम बसला होता, हे नमूद केले पाहिजे.

पण खंडेनवमीला गिरणीत यंत्रे पुसून, तेल देऊन, हार घालून पुजत. काकांनी सायकल तशीच पुजली आणि डिस्कलाही तेल दिले. जे घासून चाक थांबवायचे, तेच गुळगुळीत करणे नवशिक्याला जमले नसते. त्याला गिरणीचा अनुभव लागतो.

"तेल जरा जास्त झाला," काका केळ्यांतून म्हणाले.

"उठा. केळी भरा पिशवीत. आता चार दिवस शिकरण."

रविवारी भंगारवाला आला. मजला गॅलरीत जमला. काका डिस्क पुसत बसले होते. काकींनी आतून टेबल फॅन आणून दिला. फॅन चालू स्थितीत होता.

"आणि सायकल?" भंगारवाल्याने विचारले.

"तिची फेरपरीक्षा आहे," काकी म्हणाल्या.

फेरपरीक्षेला डिस्क कोरडी होती, पॅड नवे होते. सायकल काकींच्या अलीकडे थांबली. "बरं," म्हणून काकी भाजी घ्यायला गेल्या. त्यानंतर सगळ्या चाळीला तेल पाजणाऱ्या माणसाने डिस्कजवळ कुणालाही फिरकू दिले नाही. "लांबून बघ रे. माणसाचो हात तेलकट असता."

गेल्या वर्षी काका गेले. चाळ पाडली, काकी टॉवरमध्ये राहायला गेल्या. सायकल लिफ्टने वर गेली.

या खंडेनवमीला काकींनी तिला हार घातला आणि साखळीला तेल दिले. त्याआधी त्यांनी डिस्कवर कोरडे फडके बांधले होते.