पोट उघडून दाखवणाऱ्या दोघी

दिंडोशीच्या एका आरोग्य केंद्रात मी सेविका आहे. घरोघर जायचं आणि लोकांना त्यांच्याच पोटात काय आहे ते सांगायचं, हे माझं काम. असल्या कामात किस्से शोधावे लागत नाहीत. दार वाजवलं की निम्मा किस्सा तयार असतो, उरलेला दार उघडणारा माणूस पुरा करतो! बारा वर्षांत इतके जमलेत की घरी नवरा आता हात जोडतो, "वैशाली, आज नको, आज मला जेवू दे."

माझ्या जोडीला सुलभाताई. ती माझ्याआधी नऊ वर्षं लागलेली. मूळची कणकवलीकडची, वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पण भोंगा हिच्या गळ्यात राहिला. मी मूळची वाशीमकडची, पण जन्म आणि सासर दोन्ही दहिसरचं. आणि आमच्यातला तिसरा म्हणजे एक प्लास्टिकचं धड. डोकं आहे, हातपाय नाहीत. छातीचं झाकण काढलं की हृदय, फुप्फुसं, लिव्हर, आतडी, सगळं सुटं निघतं. सुलभाताईने त्याचं नाव ठेवलंय बाबलो.

* * *

टेकडीवरच्या खोल्यांमध्ये एक रिक्षावाला होता. पिऊन पिऊन डोळे पिवळे झालेले. बायको रडत आम्हाला घेऊन गेली. हा खाटेवर बसून आमच्यावरच हसतोय. "ताई, मला काय पण होत नाय. माझं लिव्हर लोखंडाचं आहे!"

सुलभाताई शांतपणे बोलली, "बरं. कुठे असतं ते? हात ठेव."

त्याने ऐटीत डाव्या बरगडीवर हात ठेवला.

"मेल्या, तुका जागा म्हायत नाय आणि ग्यारंटी देतंस!"

त्याचा हात तिनेच उचलून उजव्या बाजूला ठेवला आणि दाबला. तो कळवळला. दुसऱ्या दिवशी केंद्रात आला, तेव्हा रिक्षाही त्याने चालवली नव्हती, बायकोच्या खांद्यावर हात टाकून चालत आला.

* * *

एकदा एका नव्या टॉवरमधून बोलावणं आलं. हृदयाची माहिती द्या म्हणे, मेंबर लोकांना बीपी फार झालंय. आम्ही बाबल्याला काखेत मारून लॉबीत शिरलो, तोच सेक्रेटरी आडवे आले.

"हे असं उघडंनागडं इथून नेता येणार नाही. लहान मुलं असतात. सर्व्हिस लिफ्टने न्या."

मी लगेच माझी ओढणी काढून बाबल्यावर टाकायला लागले. खरं सांगते, माझा स्वभाव तेव्हा तसाच होता, मिटवून टाकायचं. सुलभाताईने ओढणी हिसकावून माझ्याच खांद्यावर टाकली.

"कातडी नाही म्हणून नागडा? साहेब, तुमचं पण आतून असंच आहे."

"मॅडम, पर्सनल होऊ नका!"

"मग तुम्ही आत काय घेऊन फिरता? सोफासेट?"

वॉचमन इतका हसला की त्याने मेन लिफ्टचं दार धरून ठेवलं. आम्ही तिघं वर गेलो. लिफ्टच्या आरशात बाबलो झकास दिसत होता.

* * *

मोठ्या हॉस्पिटलातले एक डॉक्टर आमच्या शिबिराला पाहुणे म्हणून आले होते. माणूस हुशार असेल, पण बोलायला लागले तर सगळं डोक्यावरून. "हेपॅटोबिलिअरी" की काय ते तीनदा झालं. समोर सत्तर बायका, जांभया देतायत. डॉक्टर माईक बाजूला करून आमच्या इन्चार्ज मॅडमना बोलले, "यांना यातलं काय कळणार?" त्यांना वाटलं माईक बंद आहे. तो चालू होता.

मी खाली बघायला लागले.

डॉक्टरांनी गडबडीत बाबल्याचे टेबलावर काढून ठेवलेले भाग परत आत बसवायला घेतले. मागच्या रांगेतून आवाज आला, "साहेब, ती हिरवी पिशवी चुकली."

कांताबाई. चिकनच्या दुकानात तीस वर्षं कोंबड्या साफ करतात. त्या उठल्या, पदर खोचला, पुढे आल्या आणि डॉक्टरांच्या हातातून लिव्हर काढून घेतलं.

"ही पित्ताची. लिव्हरच्या वर नाय, खाली जाते, इथे खाचेत. आणि हळू बसवा. आमच्याकडे ही फुटली तर सगळं चिकन कडू होतं, गिऱ्हाईक परत येत नाय."

मग त्यांनी जठर, आतडी, दोन्ही किडन्या, सगळं एकेक करत नीट बसवलं. एकही भाग उरला नाही. छातीचं झाकण लावलं, हात पुसले आणि माईककडे तोंड करून डॉक्टरांना सांगितलं, "आता तुम्हाला काय कळलं नसेल तर विचारा."

सत्तर बायकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या, हे मात्र मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

* * *

शाळेतल्या मोठ्या मुलींसाठी पाळीची माहिती द्यायची होती. शाळेचा हॉल मिळाला नाही, म्हणून जवळच्याच एका मंडळाचा मांडव मागितला. नवरात्र जवळ आलेलं, देवीची मूर्ती येऊन बसलेली, तोंडावर कापड होतं. आम्ही गर्भाशयाचा तक्ता लावला आणि अध्यक्ष धावत आले.

"ताई, हृदय सांगा, डोळे सांगा, दात सांगा. हे इथे नको. समोर देवी आहे!"

चाळीस मुली सतरंजीवर बसलेल्या. त्यांच्या माना एकदम खाली गेल्या. मला ते बघवेना. बारा-तेरा वर्षांच्या पोरी, आणि आपल्या शरीरात काहीतरी घाण आहे हे एका मिनिटात शिकल्या!

मी काही बोलायच्या आत सुलभाताई अध्यक्षांच्या समोर उभी राहिली.

"देवी बाई आहे ना?"

"म्हणजे काय! हो."

"मग तिला सगळं माहीत आहे. तुम्हाला माहीत नसेल तर बसा खाली, मुलींबरोबर शिका."

अध्यक्ष बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. मांडवाच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत उभे होते. निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माझ्या मुलीला दर महिन्याला उलट्या होतात. ते नॉर्मल असतं का ओ?"

* * *

हा किस्सा माझा एकटीचा. सुलभाताई त्या दिवशी रजेवर होती.

एका हाउसिंग कॉलनीत एक रिटायर्ड काका ऑपरेशन करून घरी आलेले. मी बीपी बघायला गेले. काकू दारातच, "नाव काय तुमचं?"

"वैशाली."

"हां, पण पूर्ण नाव?"

मी नवऱ्याचं नाव सांगितलं. आडनाव गाळलं. इतक्या वर्षांत तो प्रश्न कुठल्या दिशेला चाललाय ते मला पहिल्या शब्दाला कळतं. काकू थांबल्या नाहीत. मी पट्टा गुंडाळतेय, फुगा दाबतेय, आणि या मागून, "नाही, म्हणजे आडनाव? गाव कुठलं? तिकडे कोण कोण असतात तुमचे?"

पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात होता. माझ्यासाठीच आणलेला. तो काही पुढे येईना.

मी कानातली नळी काढली. काकूंकडे वळले.

"काकू, काकांना रक्त चढवलं ना?"

"हो, तीन पिशव्या."

"पिशवीवर काय लिहिलं होतं?"

"ओ पॉझिटिव्ह."

"आणि आडनाव?"

तेवढ्यात पलंगावरून काका बोलले, आवाज अगदी बारीक, पण स्पष्ट, "अगं, तिला कशाला विचारतेस? तीन पिशव्या चढल्यात. आता माझंच आडनाव विचार!"

आता ग्लास पुढे आला. पाणी मी प्यायले नाही. तहान होती, तरी नाही. ग्लास टीपॉयवर तसाच ठेवून आडनाव सांगितलं, मोठ्याने, आणि खाली उतरले. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. तो प्यायले.

* * *

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचं दुखणं "खाली" असतं. खाली दुखतं, खाली जळजळतं, खाली जड वाटतं. सुलभाताई विचारते, "खाली म्हणजे कुठे गो? तळमजल्यावर की पार्किंगमध्ये?" बाई हसली की मग बोलते.

पारूबाई हसली नाही. घरकाम करणारी बाई, चार इमारतींची धुणीभांडी. सात महिने "खाली जड वाटतं" एवढंच सांगत होती, तेही दारात उभं राहून. आम्ही एक दिवस दार लावून घेतलं, तक्ता समोर धरला आणि बोललो, बोट ठेव. तिने ठेवलं, आणि रडायला लागली. अंग बाहेर येत होतं तिचं. सात महिने ती कापडाच्या घड्या बांधून, वाकून वाकून लोकांच्या फरशा पुसत होती. का? तर सांगायला शब्दच नव्हता! घरी मुलाला सांगितलं होतं, कंबर दुखते.

सुलभाताईने तिच्याकडून शब्द म्हणून घेतला. गर्भाशय. पहिल्यांदा ओठ नुसते हलले. दुसऱ्यांदा कुजबुज. पाचव्यांदा आवाज निघाला.

मोठ्या हॉस्पिटलचा कागद द्यायच्या दिवशी मुलगा सोबत आला. उंचापुरा, कुरियर कंपनीत कामाला. बाहेर तपासणीची लांब रांग. तो वैतागून बोलला, "कंबरेसाठी ऑपरेशन कशाला? आई, नक्की काय झालंय तुला?"

पारूबाईने आमच्याकडे बघितलं. मग रांगेकडे. मग त्याच्याकडे.

"गर्भाशय सरकलंय माझं. ग-र्भा-श-य! तू नऊ महिने त्यातच होतास, तेव्हा नाही लाजलास!"

रांगेतला एक म्हातारा दचकून उठला आणि पारूबाईला आपली खुर्ची दिली. मुलगा लाल झाला, पण कागद त्याने दोन्ही हातांनी घेतला. ऑपरेशन नीट झालं. आता ती उभ्याने फरशी पुसायचं मॉप मागते. नाही दिलं तर त्या घरचं काम सोडते!

* * *

आणि ही यशोदाबाईंची गोष्ट.

एका चाळीच्या गॅलरीत आम्ही मुलगा-मुलगी कसं ठरतं ते सांगत होतो. त्यासाठी मी बांगड्या वापरते. बाईच्या हातात दोन्ही लाल. पुरुषाच्या हातात एक लाल, एक हिरवी. बाळाला दोघांनी एकेक द्यायची. बाई देणार ती लालच, तिच्याकडे दुसरी नाहीच. पुरुषाने लाल दिली तर मुलगी, हिरवी दिली तर मुलगा. सोपं आहे.

यशोदाबाई शेवटी बसल्या होत्या, सत्तरी उलटलेल्या. त्यांनी हात वर केला. "परत सांग."

मी परत सांगितलं.

"म्हणजे बाईकडे हिरवी नसतेच?"

"नसतेच आजी."

"परत सांग."

तिसऱ्यांदा सांगितलं. त्या उठल्या, माझ्या हातातल्या बांगड्या घेतल्या आणि बोलल्या, "माझ्या खोलीत चल."

शेजारची खोली. आत त्यांचे यजमान खुर्चीत बसून टीव्ही बघत होते. यशोदाबाईंनी टीव्ही बंद केला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा केला असावा, कारण आजोबा टीव्हीकडे बघतच राहिले, त्यांना वाटलं लाइट गेली.

"मला पाच मुली झाल्या," यशोदाबाई मला सांगत होत्या, पण बघत त्यांच्याकडे होत्या. "पाचवीच्या वेळी हे बघायलाही आले नाहीत. मी माहेरून बाळ घेऊन आले, तर सासूने मला दारात उभं केलं. ऊन होतं. हे आत बसले होते. आता सांग यांना. मोठ्याने सांग, कमी ऐकू येतं."

मी सांगितलं. ओरडून सांगितलं. बांगड्या त्यांच्या डोळ्यांसमोर धरल्या. गॅलरीतल्या सगळ्या बायका दारात गोळा झाल्या.

आजोबांनी हिरवी बांगडी हातात घेतली. बराच वेळ फिरवत राहिले.

"आता काय उपयोग?"

यशोदाबाई त्यांच्यासमोरच्या पलंगावर बसल्या. पाय वर घेतले.

"चहा करा."

"कोणी?"

"तुम्ही. आम्हा सगळ्यांना."

आजोबा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले आणि ओट्याकडे गेले. एक डबा उघडला, बंद केला. दुसरा उघडला, बंद केला. तिसरा उघडला.

मग पाठमोरेच बोलले, "साखर कुठे असते आपल्याकडे?"

यशोदाबाईंनी सांगितलं नाही.