सिरसाळ्यात बास शिकताना

परळी वैजनाथला गाडीतून उतरले तेव्हा वीजकेंद्राच्या चिमण्या धुक्यातून नुकत्याच वर येत होत्या. पाठीवर जवळजवळ माझ्याएवढीच बास गिटार. सिरसाळ्याच्या एसटीत ती कुठेच मावेना. शेवटी शेजारच्या बाईंनी ती आम्हा दोघींच्या मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावरच डोकं टेकून त्या झोपी गेल्या.

पुण्यात मी जॅझ वाजवणाऱ्या तिघांच्या एका गटात आहे. जॅझमध्ये बासने मात्रेमात्रेला एकेक स्वर टाकत चालायचं असतं. त्याला वॉकिंग बास म्हणतात. मी चालत होते, पण रोज त्याच वाटेने. आमचे पियानोवाले एकदा म्हणाले, "तुझा पुढचा स्वर मला झोपेतही कळतो. नागनाथकडे जाऊन ये, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

नागनाथकाका मुंबईच्या हॉटेलांमध्ये बरीच वर्षं बास वाजवून गावी शेतीवर परतलेले. दारात काकू भेटल्या. माझ्या पाठीवरचं ओझं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तुमाला कुणी सांगितलं न्हाई का? लकवा मारलाय त्यांना. उजवा हात गेला."

मी परत निघाले, तर म्हणाल्या, "आता आलाव तर जेवून जा."

ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचा मसाला). काका डाव्या हाताने सावकाश जेवत होते, पण नजर कोपऱ्यातल्या बासवर.

"काढ," ते म्हणाले.

मी वाजवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "ब्येस हाय. पण लई सरळ." गाऊन दाखवायला गेले, तर आवाज अडकला. मग जवळ सरकून त्यांनी डाव्या हाताने बासची मान धरली. "मी दाबतो. तू नुसती तार छेड."

आधी नुसती खरखर. त्यांचं दाबणं आणि माझं छेडणं जुळेना.

"ऱ्हाऊ द्या, दमताल," काकू म्हणाल्या.

"थांब जरा."

आणि जुळलं. माझ्या बोटांखालून मी कधी न घेतलेले स्वर निघू लागले. पुढच्या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याच्या, मूळ स्वरावर ते थेट उतरत नव्हते. कधी अर्धा स्वर खालून यायचे, कधी वरून. एकदा मूळ स्वर सोडून त्याच्यापासूनच्या तिसऱ्या स्वरावरूनच निघाले. एका जागी तोच स्वर दोनदा घेतला.

"कावून थांबलो, कळलं का?"

"पुढचा स्वर गोड लागावा म्हणून?"

"न्हाई. पियानोवाला काय करायलाय ते ऐकायला."

मी आजवर तेवढंच केलं नव्हतं. काकू खरकटी भांडी तशीच टाकून उंबऱ्यात बसल्या होत्या.

मी तिथेच मुक्काम केला. निघताना काकांच्या जुन्या बासच्या गंजलेल्या तारा काढून माझ्याजवळच्या नव्या चढवल्या.

परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांमागे एसटी रांगत होती आणि मला घाई नव्हती. नवे स्वर शिकायला म्हणून गेले होते. हाती आलं ते वाजवता वाजवता ऐकणं. पुण्यात पहिल्या तालमीला दोनदा चुकले, पण मध्येच पियानोवाल्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

काही दिवसांनी काकूंचा फोन आला.

"लई तरास हाय बघा. रोज दुपारी बसवतेत मला, तारा छेडायला. बोटाला फोड आलाय."

"मग नाही म्हणा ना, काकू."

"कावून म्हनू? आत्ता कुठं जमायलंय."