फॅबियनच्या हाताला बसेल असं पिस्तूल

एलायस तुस्कानोला बंदुकीतलं कळायचं, आणि आपल्याला ते कळतं हे चार लोकांना कळावं असंही त्याला फार वाटायचं. घात केला तो या दुसऱ्या गोष्टीने. नुसतं कळत असतं तर तो गप्प बसला असता.

वसईच्या मिठागरांवर बापाच्या एकनळी बंदुकीने त्याने लहानपणी पाणकोंबड्या पाडल्या होत्या. पुढे मुंबईत बँकेत चिकटला आणि बहात्तर साली बायकोला, मिल्ड्रेडला, घेऊन सिडनीला आला, तेव्हा इथेही बँकेतच लागला. वेस्टमीडजवळची छोटीशी शाखा. तिथे प्रत्येक कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये, नोटांच्या शेजारी, एक पिस्तूल ठेवलेलं असे. त्या काळी इथल्या बँकांत तशी पद्धतच होती. ज्यांनी आयुष्यात उंदीर मारला नव्हता अशी माणसं गुडघ्याशी पिस्तूल ठेवून दिवसभर गिऱ्हाइकांच्या पासबुकांवर शिक्के मारत बसायची. वर्षातून एकदा सगळ्यांना रेंजवर न्यायचं, थोड्या गोळ्या झाडायला लावायच्या, चहा-बिस्किटं द्यायची, की झाला सराव. मग वर्षभर ते पिस्तूल स्टेपलरच्या बाजूला पडून. स्टेपलर निदान वापरात तरी होता.

रेंजवर एलायसच्या सगळ्या गोळ्या एका बशीएवढ्या जागेत लागल्या, तेव्हा मॅनेजर रॉसने शाखेच्या पिस्तुलांची देखभाल त्याच्याकडे सोपवली. पगार एक डॉलरने वाढला नाही, पण एलायसची छाती वाढली. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात गावाकडची मंडळी जमली, की पिस्तुलांचा विषय कुणीही न काढता निघायचा.

सत्त्याहत्तरमध्ये त्याच्या थोरल्या बहिणीचा, जर्ट्रूडचा, मुलगा फॅबियन आला. एलायसनेच त्याला बोलावून घेतलं, आपल्याच शाखेत कॅशियर म्हणून चिकटवलं आणि गिरावीनच्या आपल्या घरात मागची खोली दिली. तो निघताना जर्ट्रूड भावाला फोनवर म्हणाली होती, "एलायस, पोरगा मऊ आहे माझा. त्याला टणक करायला जाऊ नको. सांभाळ फक्त."

पोरगा खरंच मऊ होता. मागच्या अंगणात त्याने फरसबी लावली. तिला गोगलगायी लागल्या, तर हा सकाळी उठून एकेक गोगलगाय उचलायचा, डब्यात भरायचा आणि रस्त्यापलीकडच्या ओहोळाकाठी सोडून यायचा. मिल्ड्रेड हसायची. "अरे, त्या परत येतात रे, तुझीच भाजी खायला!"

"येऊ दे मामी," तो म्हणायचा. "तेवढा वेळ तरी फरसबी वाढते."

पहिल्या वर्षी त्याला रेंजवर नेलं. शाखेची पिस्तुलं जुनी ऑटोमॅटिक होती. आधी वरचा भाग जोर लावून मागे ओढायचा, मग सोडायचा, मग अंगठ्याने सेफ्टीचा खटका पाडायचा, मग नेम. फॅबियनच्या हातून तो वरचा भाग अर्धाच आला आणि अडकला. तर हा पठ्ठ्या पिस्तूल हातात तसंच धरून मागे वळला आणि म्हणाला, "मामा, हे अडकलं बघ." सगळी शाखा मॅनेजरसकट गवतावर आडवी झाली, आधी भीतीने आणि मग हसून हसून. चहाच्या वेळी रॉस डोळे पुसत म्हणाला, "फेबियन, मेट, तुझं ड्रॉवरमध्येच राहू दे. कुणी आलं तर पैसे देऊन टाक. नो वरीज."

"तेच बरं," फॅबियन म्हणाला, आणि स्वतःही हसला. सुंठीवाचून खोकला गेला होता.

पण एलायसला हसू आलं नाही. आपला भाचा, तुस्कानोंचं रक्त, आणि लोक गवतावर लोळून हसतात! हे त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. पोराला हसू येत होतं, राग मामाला येत होता, आणि हे काही बरं लक्षण नव्हे हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. मिल्ड्रेडने सांगितलं, पण बायकोचं सांगणं तो धरायचा नाही.

पुढच्याच वर्षी हेड ऑफिसने जुनी पिस्तुलं बदलायची ठरवली आणि शाखेला काय हवं ते विचारलं. रॉसने ते एलायसवर टाकलं. एलायस पॅरामॅटाच्या एका बंदुकांच्या दुकानात शनिवारमागून शनिवार जाऊ लागला. दुकानदार त्याला हातात मावेल एवढं छोटं, हलकं काहीतरी दाखवायचा आणि म्हणायचा, नवख्याला हेच सोपं. एलायस मान हलवायचा. छोटं ते सोपं हा अडाण्यांचा समज, हे त्याला ठाऊक होतं. हलकं पिस्तूल हाताला हिसका जास्त देतं आणि घाबरट माणूस दुसऱ्या खेपेला डोळे मिटून घेतो. जो सराव करत नाही, त्याला लक्षात ठेवायला काही उरताच कामा नये. खटका नको, ओढणं नको. मध्यम वजनाचं रिव्हॉल्व्हर, मूठ भरेल असं, चाप नरम. प्रत्येक पिस्तूल तो डाव्या हाताने धरून बघायचा, कारण त्याचा डावा हात म्हणजे जवळजवळ फॅबियनचा उजवा. शेवटी एक सापडलं. डाव्या हातातही ते मुकाट बसलं. आयुष्यात कुणासाठी एवढ्या मायेने त्याने काही निवडलं नव्हतं, आणि पुढे हीच माया त्याला सगळ्यात जास्त टोचली.

शाखा बंद झाल्यावर त्याने भाच्याला रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर शिकवलं. फॅबियन म्हणायचा, "मामा, कशाला? रॉस म्हणाला ना, पैसे द्यायचे."

"रॉस राहू दे. तू विचार करतोस म्हणून तुझं अडतं. विचार करायचा नाही. उचल, रोख, ओढ."

"आणि समोर माणूस असेल तर?"

"उचल, रोख, ओढ," एलायस म्हणाला. प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, पण पोराने मामाचं ऐकलं. पुढच्या रेंजवर फॅबियनच्या सगळ्या गोळ्या कागदावर लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एलायसने त्या दिवशी चर्चमधल्या तीन घरांना जेवायला बोलावलं.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये एक माणूस दुपारी नळी कापलेली रायफल घेऊन शाखेत शिरला. उंच, अंगात कारखान्याची निळी पँट, आवाज इतका बारीक की त्याला दोनदा सांगावं लागलं. काउंटरपाशी दोन म्हाताऱ्या बायका होत्या, त्या खाली बसल्या. फॅबियनने शांतपणे नोटा पिशवीत भरल्या. माणसाने पिशवी घेतली, "टा, मेट," असं इथल्या बोलीत आभार मानत म्हणाला आणि दाराकडे वळू लागला.

एलायस मागच्या टेबलाशी होता. त्याला फॅबियनचा हात ड्रॉवरकडे जाताना दिसला. 'नको' एवढा एकच शब्द होता, आणि तो म्हणायला वेळही होता. एलायसच्या तोंडून तो आला नाही. त्याचे डोळे मुठीवर होते. पोराने मूठ बरोबर धरली होती, मनगट ताठ होतं. जराही अडलं नाही. एलायसला त्या क्षणी बरं वाटलं. मग आवाज झाला.

त्या माणसाचं नाव डॅरिल. कारखान्यातून कमी केलेला. नव्यानेच उघडलेल्या वेस्टमीड हॉस्पिटलात त्याला नेलं, तिथे डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण तो वाचला नाही. रायफलीत गोळीच नव्हती. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने फॅबियनला दोष दिला नाही. बंदूक माणसाच्या हातात होती, म्हाताऱ्या बायका समोर होत्या, कॅशियरने काय समजायचं? बँकेने फॅबियनला शाबासकी दिली, आणि नवं रिव्हॉल्व्हर निवडणाऱ्याची दूरदृष्टी म्हणून एलायसलाही. कोर्टाच्या बाहेर डॅरिलची आई हातातली पर्स छातीशी धरून उभी होती. ती फॅबियनपाशी आली आणि एवढंच विचारलं, तो काही बोलला का? फॅबियन म्हणाला, "ही सेड टा." बाई मान हलवून म्हणाली, हो, तसं म्हणायचा तो. आणि गेली.

फॅबियनने बँक सोडली. गिरावीनमधल्या एका नर्सरीत रोपांना पाणी घालायला लागला. मामावर तो कधी चिडला नाही. चिडला असता तर एलायसने पाय धरले असते. एकदाच, अंगणात वेल बांधता बांधता, सहज पावसापाण्याचं बोलावं तसं तो म्हणाला, "मामा, जुनं असतं ना, तर मी पैसे दिले असते आणि बसलो असतो. मला ते जमलंच नसतं."

एलायसने सुतळीचं दुसरं टोक धरलं होतं. ते त्याने तसंच धरून ठेवलं.

त्या दिवसापासून एलायस चर्चच्या आवारात पिस्तुलांवर बोलला नाही. कुणी विषय काढला तर 'कार बघतो जरा' म्हणून निघून जायचा. पण मिस्सा चुकवता येत नव्हती, आणि खरी शिक्षा तिथेच होती. वसईत मेलेल्या माणसाच्या नावाने मिस्सा सांगतात आणि फादर वेदीवरून नाव वाचतात. मेलेल्याचं, आणि सांगणाऱ्याचंही. फॅबियन दर महिन्याला डॅरिलच्या नावाने मिस्सा सांगायचा. आयरिश फादर वाचायचे, "डॅरिलच्या आत्म्यासाठी, विनंती फॅबियन यांची." गावाकडची मंडळी वळून फॅबियनकडे बघायची. कुणी हळहळायचं, कुणी म्हणायचं, पोरगा देवमाणूस. शेजारी बसलेल्या मामाकडे कुणीच बघायचं नाही. एलायसला वाटायचं, कुणीतरी बघावं. एकदा तरी.

पुढे बँकेने सगळी पिस्तुलं काढून घेतली. आता नियम असा, की पैसे द्यायचे आणि गप्प राहायचं. म्हणजे रॉसने गवतावर बसून सांगितलं होतं तेच. रिव्हॉल्व्हरं परत पाठवायला खोक्यात भरली, ती एलायसनेच. शेवटचं त्याने सवयीने डाव्या हातात घेतलं. अजूनही चांगलं बसत होतं. त्याने ते घाईने खाली ठेवलं आणि संडासात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

शहाऐंशी साली फॅबियन उत्तरेला क्वीन्सलँडमध्ये केळीच्या मळ्यावर कामाला निघाला. वसईच्या वाडीतला मुलगा, त्याला केळी ओळखीची. गाडीत सामान ठेवून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, एक काम आहे. तिकडे चर्च लांब आहे म्हणतात. डॅरिलची मिस्सा तू सांगत जाशील?"

"सांगेन रे."

"माझ्या नावाने सांग. विसरू नको."

रविवारी एलायस मिस्सेआधी वेदीमागच्या खोलीत, सॅक्रिस्टीत, गेला. फादर झगा चढवत होते. त्यांनी विचारलं, "डॅरिल ना? नेहमीसारखं, फॅबियनकडून?"

भाच्याला दिलेला शब्द मोडायचा होता. याआधी बँकेत बोलायला हवा होता तो 'नको' हा शब्द वेगळाच होता, पण ती वेळ गेली होती.

"नाही फादर," तो म्हणाला. "एलायस तुस्कानोकडून."

फादरनी वेदीवरून तसं वाचलं, तेव्हा मिल्ड्रेडने त्याचा हात धरला. पुढच्या बाकांवरची गावाकडची मंडळी एकेक करून वळली आणि त्याच्याकडे बघू लागली. एलायसने मान खाली घातली नाही. त्यांना हवं तेवढं बघू दिलं.