‘इतर’ खणातली माणसं

सल्ला केंद्रात सल्ल्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. सल्ला माणूस घरी घेऊन जातो, किस्सा आमच्या टेबलावर राहतो. दर बुधवारी एखादा तरी राहतोच. ते लिहावेत की नाही, यावर मी दोन महिने घोळ घातला. लोक विश्वासाने घरातलं सांगतात आणि आपण त्याच्या गोष्टी करायच्या? शेवटी ज्यांचे किस्से, त्यांनाच विचारलं. शेवंताबाई म्हणाल्या, “लिहा ना सर. माह्यं नाव बदला, पण सासूचं नका बदलू. तिले आवडते नाव आलेलं.” मी दोघींचीही नावं गाळली-बदलली आहेत. सासूबाई रागावतील अशी धास्ती आहे.

आमचं केंद्र पुलगावात, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत. आम्ही तिघं. मी बत्तीस वर्षं कॉलेजात लोकप्रशासन शिकवलं, पण स्वतःच्या घरचा एक सरकारी अर्ज कधी भरला नाही, ते बायको करायची. मंदाताई अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका होत्या, आसपासच्या गावांतली घरं त्यांना तोंडपाठ. गुलाबराव दारूगोळ्याच्या डेपोत स्टोअरकीपर होते. दर बुधवारी दहा ते दोन कोणीही यावं, दाखले, योजना, अर्ज, काय वाटेल ते विचारावं. पैसे नाहीत.

*

बोर्ड मी लिहिला होता: ‘मोफत नागरिक सल्ला व मार्गदर्शन केंद्र’. तीन बुधवार कोणी फिरकलं नाही.

चौथ्या बुधवारी बाजारातले एक किराणा दुकानदार आत आले. खोली निरखली, पंखा पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

“फुकट म्हणता. मंग कमावता कायच्यात?”

“कशातच नाही.”

ते समजूतदारपणे हसले. “म्हंजे सांगाचं नाई,” म्हणाले आणि गेले.

मंदाताईंनी बोर्ड उतरवला, उलटा केला आणि मागच्या बाजूला रंगाने लिहिलं: ‘येथे सरकारी कागद वाचून समजावतात.’ पुढच्या बुधवारी बाकावर बसायला जागा नव्हती. रांगेत ते दुकानदारही होते.

“सल्ला नको,” त्यांनी आधीच बजावलं. “हे एवढं वाचून सांगा फक्त.”

‘शासन आणि नागरिक यांतील संवाद’ हा पेपर मी वर्षानुवर्षं तपासला आहे. किती मुलांना उगाच नापास केलं असेल, कोण जाणे.

*

आमच्याकडे कोणी स्वतःसाठी येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. माणसं शेजारणीसाठी येतात, साळ्यासाठी येतात, ‘गावातल्या एका म्हाताऱ्या’साठी येतात.

एक दिवस नाचणगावच्या एक बाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेर. बाकाच्या टोकावर बसल्या.

“आमच्या गल्लीत एक बाई हाय,” त्या म्हणाल्या. “तिचा नवरा नऊ वर्षांपासून घरी नाई. कोठी गेला, काऊन गेला, कोणाले माहीत नाई. पोरगी दहावीत गेली. पुढल्या साली तिले वर्ध्याले होस्टेलात टाकाची हाय. होस्टेलवाले उत्पन्नाचा दाखला मागते. दाखल्यावाले रेशन कार्ड मागते. तिचं नाव अजून नवऱ्याच्या कार्डात हाय, सासरच्या गावी, आंजीले. तिथून नाव काढाले गेली, त ज्याचं कार्ड त्याची सही आणा म्हणते.”

“म्हणजे नवऱ्याची?”

“हो न.”

मी अगदी पद्धतशीर उत्तर दिलं. “अशा प्रकरणात संबंधित व्यक्तीने स्वतः आलेलं बरं. त्या बाईंना पाठवा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गेल्या.

मंदाताई पलीकडच्या टेबलावरून माझ्याकडे पाहतच राहिल्या. “सर, तीच होती ना ती.”

मी खुर्चीतच राहिलो. उठल्या त्या मंदाताई. ऑटो सुटायच्या बेतात होता, त्यांनी तो हात आडवा करून थांबवला आणि बाईंना परत आणलं. दोघी घामाघूम. मी उभं राहून माफी मागितली.

“त्यात काय सर,” शेवंताबाई म्हणाल्या. “मलेही कधी कधी वाटते, का हे दुसऱ्याच बाईचं चालू हाय.”

*

त्यानंतर आठवडाभर मी कायदे वाचले. मला वाचता चांगलं येतं, हीच अडचण आहे. पुढच्या बुधवारी शेवंताबाईंना सगळ्यात बिनचूक मार्ग सांगितला: कोर्टात जा, घटस्फोट घ्या, तो हुकूमनामा हाच पुरावा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “फारकत म्हंजे मी त्याले सोडाचं?”

“कायद्याने, हो.”

“पण मी कोठी सोडलं? त्यानं सोडलं. मंग माह्यावर काऊन लिहून घेता?”

मी म्हटलं, दोष कोणावरच येणार नाही, ही नुसती प्रक्रिया आहे.

“किती दिवस लागन?”

“दोन वर्षं. कदाचित तीन.”

“तवर पोरगी त्या होस्टेलची मॅडम होऊन जाईन.”

गुलाबराव क्वचित हसतात. त्या दिवशी त्यांना पाणी प्यावं लागलं. मी माझं टिपण घडी करून खिशात ठेवलं. ते अजून माझ्याकडे आहे, फेकवत नाही.

*

येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायला मी एक तक्ता आखला होता. त्यात आठ खण: रेशन, पेन्शन, जमीन, जातीचा दाखला, असे. नववा ‘इतर’. प्रत्येक माणसामागे योग्य खणात एक खूण. वर्षाअखेरीस खुणा मोजायच्या, आलेख काढायचे आणि अहवाल वरती पाठवायचा, म्हणजे सरकारला कळेल की लोक कुठे अडतात. कल्पना चांगली होती, असं मला अजूनही वाटतं. म्हणजे, वाटायचं.

काही महिन्यांत आठ खण निम्मे रिकामे आणि ‘इतर’ भरून समासात सांडलेला.

“सर,” मंदाताई म्हणाल्या, “तुमच्या खणात माणूस मावत नाही. पाय बाहेर येतात.”

त्यांनी आपली स्वतंत्र वही ठेवली होती, हे तेव्हा कळलं. नाव नाही, गाव नाही. माणूस जे बोलला ते, जसं बोलला तसं. मी ती वाचायला घेतली आणि चहा गार झाला. तिच्यात शेवंताबाई एकट्या नव्हत्या. पानामागे पान तेच दुखणं, वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून.

‘गेला तो सांगून थोडाच गेला.’

‘पोलिसात काऊन जाऊ? चोरी थोडी झाली.’

‘त्याची सही माह्यापाशी असती, त तोही असता.’

माझ्या तक्त्यात या सगळ्या ‘इतर’ होत्या.

*

गुलाबरावांची एक सवय सांगायला हवी. डेपोच्या फाटकावर काडीपेटी काढून ठेवल्याशिवाय आत जाता येत नसे. ते निवृत्त झाले, पण फाटक त्यांच्यासोबत आलं. आमच्या दारात ते एक पत्र्याचा डबा घेऊन बसतात. बिडी ओढणारे आजोबा आता न सांगता डब्यात काडीपेटी टाकतात. ‘इथं साहेब लोक कागद ठेवते, पेट घेईन,’ असं एकमेकांना समजावतात.

मी तोच अहवाल तीनदा पाठवला, तेव्हा एका बुधवारी जिल्ह्यावरून एक अधिकारी न कळवता आले. मी आत कुणाचा तरी सातबारा वाचत होतो. दारातून आवाज आला.

“काडीपेटी, लायटर?”

“मी जिल्ह्यावरून आलोय.”

“जिल्ह्यावरून या, का दिल्लीवरून. डब्यात टाका.”

मी धावलो. साहेब खिसे चाचपत होते. त्यांनी मुकाट्याने लायटर डब्यात टाकला आणि गुलाबरावांच्या नोंदवहीत सही केली. मी माफी मागू लागलो तर म्हणाले, “राहू द्या. आमच्याकडे इतकं लक्ष देऊन कोणी बसत नाही.”

पुढे बसून त्यांनी माझा अहवाल चाळला. “अभ्यासपूर्ण आहे,” म्हणाले. हा शेरा मी शेकडो प्रबंधांवर मारला आहे, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. मग मंदाताईंनी आपली वही पुढे केली. तिच्यावर ते थांबले. एक पान उलटलं, पुन्हा मागे आले.

“सही मागणं चूक आहे, मान्य,” ते हळू म्हणाले. “पण मग मागायचं काय? उद्या कोणीही येऊन म्हणेल, नवरा नाही.”

माझ्या अहवालात सहा शिफारशी होत्या. या प्रश्नाचं उत्तर एकीतही नव्हतं. मी चष्मा पुसू लागलो.

“सासूले विचारा,” बाकावरून शेवंताबाई म्हणाल्या. त्या आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या.

“कोणाच्या?”

“माह्या. तो घरी नाई, हे तिच्याहून जास्त कोणाले माहीत राहीन?”

साहेबांनी खिशातून पेन काढलं.

*

ठरलं असं, की शेवंताबाईंचं प्रकरण नमुना म्हणून चालवायचं. तालुक्याच्या कार्यालयात सासूचा जबाब घ्यायचा. मला झोप लागेना. आई शेवटी मुलाचीच बाजू घेणार. ती म्हणाली ‘येतो कधीमधी’, तर होस्टेल गेलं, कार्ड गेलं, आणि तिला बोलावण्याचं पाप आमचं. मी मंदाताईंना तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “सर, शेवंता दर पोळ्याले आंजीले जाऊन सासूच्या घरचे बैल पूजते. तुम्ही झोपा.”

म्हातारी एसटीने आली. थोरल्या मुलाकडे राहते. हातात डबा, सुनेसाठी काहीतरी आणलेलं. कारकुनाने विचारलं, “मुलगा कुठे असतो?”

“नाई माहीत.”

“शेवटचा कधी आला होता?”

“सण येते, तो नाई येत. हे येते.” तिने शेवंताबाईंकडे बोट दाखवलं.

“मग असं लिहू का, की मुलाने पत्नीचा त्याग केला?”

म्हातारीने हातातला डबा टेबलावर ठेवला. शेवंताबाईंनी मान खाली घातली.

“माह्याही केला,” म्हातारी म्हणाली. “दोघींचं लिहा.”

*

काही महिन्यांनी जिल्ह्याचं परिपत्रक आलं. पती बेपत्ता असेल तर त्याच्या सहीऐवजी त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा किंवा दोन शेजाऱ्यांचा जबाब घेऊन पत्नीचं नाव वेगळं करावं, तिला स्वतंत्र कार्ड द्यावं. धोरण कुठून येतं, हे मी वर्गात फळ्यावर काढायचो: आयोग, समिती, मसुदा, मंजुरी. बाण वरून खाली. बाण उलटा काढायला हवा होता की काय, या विचाराने मी दोन दिवस बेचैन होतो.

माझ्या अहवालातलं त्यात एक अक्षर नव्हतं. पण एक वाक्य असं होतं: ‘पतीने पूर्वसूचना न देता घर सोडले असल्यास’.

गुलाबरावांनी मंदाताईंची वही मागून घेतली, तिच्यातली ओळ शोधून काढली, ‘गेला तो सांगून थोडाच गेला’, आणि वही परिपत्रकाशेजारी ठेवली.

“मंदाताई,” ते गंभीरपणे म्हणाले, “तुमचा माल पोचला. पॅकिंग बदललं फक्त.”

*

कार्ड घ्यायला मी शेवंताबाईंसोबत गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं. होस्टेलचा फॉर्म भरायची मुदत आठ दिवसांवर होती, आणि काहीतरी अडणारच, याची मला खात्री होती. माझ्या पिशवीत परिपत्रकाच्या तीन प्रती होत्या, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केलेल्या. घरातली मोठी बाई हीच कुटुंबप्रमुख, हा नियमही छापून घेतला होता.

खिडकीवर नवीन मनुष्य होता. शेवंताबाईंनी पावती आत सरकवली. त्याने गठ्ठ्यातून कार्ड काढलं, रजिस्टर उघडलं, आणि मान वर न करता म्हणाला, “तयार आहे. कुटुंबप्रमुखाची सही लागते पण. त्यांले घेऊन या.”

मी उठलो. पिशवीत हात घातला, पहिली प्रत अर्धी बाहेर आली. शेवंताबाईंनी मागे न पाहता मला हाताने खूण केली, बसा.

“आत्ता आणू?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच आणा. दीड वाजता खिडकी बंद होते.”

“बरं.”

त्या बाहेर गेल्या. व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं. केस सारखे केले. पदर नीट खांद्यावर घेतला. मग रांगेतल्या लोकांना ‘जरा सरका बाप्पा’ म्हणत पुन्हा त्याच खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

“आली,” त्या म्हणाल्या. “कोठी करू सही?”